डबा खायला गेल्यावर पेशंट कुणाचे?

माझी एक जुनी विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात नोकरीला आहे, एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात. इथं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, मग खासगी हॉस्पिटलात सात वर्षं काढली. लग्नानंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून तिकडे गेली आणि एनक्लेक्स ही तिकडच्या नर्सिंग परवान्याची परीक्षा देऊन पुन्हा वॉर्डात उभी राहिली. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. मला वाटलं, आता ही मशिनींचं कौतुक सांगणार, नाहीतर तिकडच्या इंग्रजीनं कसा घाम फोडला ते. तर म्हणाली, "मॅडम, इथं जेवायला अक्षरशः हाकलून देतात हो!"

झालं होतं असं. दुपारी बाराच्या सुमाराला एक सिस्टर वॉर्डात आली. त्या वेळी तिच्या नावावर एकही पेशंट नव्हता. एकेकीला जेवायला सोडणं, एवढंच तिचं काम. आमच्या मुलीकडे पाच पेशंट होते. पाचही जणांची ओव्हर, म्हणजे पेशंट सोपवताना द्यायची माहिती, त्या बाईनं पलंगाशी उभं राहून घेतली: कुणाची सलाईन कधी संपणार, कुणाची शुगर पुन्हा बघायची, कुणाला एकट्यानं उठू द्यायचं नाही. मग हिच्या हातातला वॉर्डचा फोन काढून घेतला आणि म्हणाली, जा. ही म्हणाली, मी इथंच स्टेशनवर बसून चार घास खाते, लक्षही राहील. तर इन्चार्जच उठून आली. तसं चालत नाही, वॉर्डाबाहेर जायचं. बिचारी कॅन्टीनमध्ये अर्धा तास घड्याळ बघत बसली. तिला वाटलं, नवीन म्हणून आपल्यावर विश्वास नाही की काय.

फोनवर मी हसले. रात्री मात्र डोळ्यासमोर माझा वॉर्ड आला. नाव सांगत नाही. असे वॉर्ड जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. फिमेल मेडिकल, मंजूर खाटा चाळीस, पेशंट साठाच्या आसपास, उरलेल्यांच्या गाद्या दोन खाटांच्या मधल्या जागेत. नाइटला आम्ही दोघी, आणि कॅज्युअल्टीत गर्दी झाली की त्यातली एक तिकडे. डब्याचा प्रश्नच नव्हता. ड्रेसिंगच्या ट्रॉलीआड उभं राहून पोळीचा रोल तोंडात कोंबायचा आणि मावशींना सांगायचं, "जरा बघा हं." आता मावशींनी काय बघायचं? ऑक्सिजनचा प्रवाह? दम लागलेल्या बाईचे ओठ निळे पडतायत का ते? त्या बघायच्या, बिचाऱ्या. पण तेवढा वेळ ते साठ पेशंट कुणाच्याच नावावर नसायचे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

कॅलिफोर्निया या राज्यात हा अर्धा तास कोर्टात गेला. परिचारिकांच्या जागतिक तुटवड्यावर मी जे काही वाचलं आहे, त्यातलं हे प्रकरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. त्यातलं सगळंच काही कौतुकाचं नाही.

आधी मोठा आकडा एकदाच सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या. त्यातही वाटणी विषम: ७८ टक्के परिचारिका ज्या देशांत आहेत, तिथं जगाची जेमतेम ४९ टक्के लोकसंख्या राहते. हे आकडे ऐकले की सगळ्यांना एकच उपाय सुचतो, कॉलेजं काढा. मी आयुष्याची बरीच वर्षं नर्सिंगच्या मुली शिकवण्यात घालवली आहेत, तेव्हा कॉलेजांना माझा विरोध असायचं कारण नाही. पण शिकवलेल्या मुली पाच वर्षांनी कुठे असतात, तेही मी पाहिलं आहे. कुणी शाळेत क्लार्क, कुणी विम्याच्या क्लेम खात्यात, कुणी घरी. भांड्याला भोक आहे आणि आपण नळ मोठा करतो आहोत.

कॅलिफोर्नियातही तेच चाललं होतं.

१९९० च्या दशकात तिकडे विमा कंपन्यांनी खर्चाला कात्री लावायला सुरुवात केली. पेशंटला लवकर घरी पाठवायचं, म्हणजे वॉर्डात उरतात ते सगळे जास्त आजारी. त्याच वेळी हॉस्पिटलांनी सल्लागार नेमले. सल्लागारांनी सांगितलं, नोंदणीकृत परिचारिका महाग पडते, तिची बरीचशी कामं थोडं प्रशिक्षण दिलेल्या मदतनिसाकडून करून घेता येतील. कागदावर हिशेब बरोबर होता. वॉर्डात त्याचा अर्थ असा झाला की एकीच्या अंगावर आठ, दहा, कधी त्याहून जास्त पेशंट, शिवाय मदतनिसांनी काय केलं, काय राहिलं याची जबाबदारीही तिचीच. बायका नोकऱ्या सोडू लागल्या. २००० च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे ७८२ कार्यरत नोंदणीकृत परिचारिका होत्या, कॅलिफोर्नियात ५४४. लोकसंख्येनं देशातलं सगळ्यात मोठं, श्रीमंत राज्य, आणि यादीत जवळपास तळाला.

तिथली संघटना, कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशन, १९९५ मध्ये राष्ट्रीय संघटनेतून फुटून बाहेर पडली. रोझ ॲन डिमोरो या तिच्या तेव्हाच्या कार्यकारी संचालक. फुटण्याचं एक कारण हेच होतं, की राष्ट्रीय संघटना मवाळ आहे, वॉर्डातल्या बाईचं दुखणं तिला कळत नाही. त्यांनी एकच मागणी धरून ठेवली: एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त किती पेशंट, हा आकडा कायद्यात लिहा. आयसीयूपुरता तो नियम तिथं १९७० च्या दशकापासूनच होता, दोन पेशंटना एक. मग बाकीच्या वॉर्डांनी काय पाप केलं? पहिलं विधेयक बारगळलं. १९९८ मध्ये दुसरं संमत झालं, ते गव्हर्नर पीट विल्सन यांनी नाकारलं. १९९९ मध्ये शीला क्यूल या विधिमंडळ सदस्य बाईंनी एबी ३९४ क्रमांकाचं विधेयक मांडलं आणि त्या ऑक्टोबरात नवे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी सही केली. सगळ्या प्रकारच्या वॉर्डांसाठी परिचारिका-रुग्ण प्रमाण ठरवून देणारा अमेरिकेतला हा पहिला राज्य कायदा.

कायद्यात आकडे मात्र नव्हते. ते आरोग्य खात्यानं ठरवायचे होते, आणि खरी झटापट तिथं झाली. मेडिकल-सर्जिकल वॉर्डासाठी हॉस्पिटलांच्या संघटनेनं सुचवलं, एकीमागे दहा. नर्सेस असोसिएशन म्हणाली, तीन. दुसरी एक कामगार संघटना म्हणाली, चार. मंडईत भाव करावा तसा प्रकार. पण या भावात माणसं जगतात-मरतात. २००२ च्या जानेवारीत तोडगा जाहीर झाला: १ जानेवारी २००४ पासून सहा, पुढच्या वर्षापासून पाच. मुलांच्या वॉर्डात चार, इमर्जन्सीत चार, प्रसूतीच्या कळा चालू असताना दोन, आयसीयूत दोनच. आणि हे किमान. पेशंट जास्त गंभीर असेल तर आणखी माणसं द्यायची.

एक बारकावा इथं सांगायला हवा, कारण नुसते आकडे सांगणारे तो गाळतात. यातल्या निम्म्यापर्यंत जागा कमी शिक्षणाच्या परवानाधारक परिचारिकांनी, आपल्याकडच्या एएनएमशी साधारण तुलना होईल अशांनी, भरता येत होत्या. म्हणजे 'पाचाला एक' याचा अर्थ दर वेळी 'पाचाला एक पदवीधर' असा नव्हता.

आता तो अर्धा तास.

नियमात तीन शब्द होते, ज्यांचा मराठी अर्थ 'कोणत्याही क्षणी'. प्रमाण कोणत्याही क्षणी पाळलं पाहिजे. हॉस्पिटलांनी हे वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की परिचारिका जेवायला गेली, लघवीला गेली, तरी तो क्षण 'कोणत्याही' मध्ये येतो. ती गेल्यावर तिचे पाच शेजारणीला दिले तर शेजारणीचे दहा होतात, म्हणजे नियम मोडला. म्हणजे केवळ जेवणं सोडवायला वेगळी माणसं नेमावी लागणार. अंमलबजावणीला दोन दिवस उरले असताना, २००३ च्या डिसेंबरअखेर, हॉस्पिटलांची संघटना कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, हे अव्यवहार्य आहे, इतकी माणसं आणायची कुठून? मे २००४ मध्ये कोर्टानं दावा फेटाळला. सुट्टीतही प्रमाण पाळावंच लागेल.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म या निकालात आहे. प्रमाणाचे आकडे कुठल्याही देशाच्या फायलीत सापडतील. पण बारा तासांच्या ड्युटीत माणूस जेवतो, बाथरूमला जातो, महिन्यातून एकदा तापानं झोपतो, हे धरून हिशेब केला नाही तर तो आकडा भिंतीवर लावायच्या कामाचा. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात आधीपासूनच होतं, की पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी द्यायची, न दिल्यास एका तासाचा जादा पगार. हे दोन्ही नियम एकमेकांत अडकले आणि त्यातून ब्रेक देणारी सिस्टर जन्माला आली. माझ्या विद्यार्थिनीचा फोन काढून घेणारी.

इतक्यात राज्यात गव्हर्नर बदलले होते. ग्रे डेव्हिस यांना मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं आणि २००३ च्या नोव्हेंबरात अर्नॉल्ड श्वार्झनेगर त्या खुर्चीवर आले. गंमत अशी की शीला क्यूलही तरुणपणी टीव्हीवर कामं करायच्या. एका नटीनं आणलेला कायदा आणि तो रोखायला निघालेला नट. नोव्हेंबर २००४ मध्ये श्वार्झनेगर यांनी तातडीचा आदेश काढला: सहावरून पाच व्हायचं ते २००८ पर्यंत पुढे ढकला. कारण तेच, परिचारिकाच नाहीत तर प्रमाण पाळणार कसं.

पुढच्याच महिन्यात लाँग बीचला स्त्रियांच्या एका मोठ्या परिषदेत ते भाषण करत असताना काही परिचारिकांनी फलक धरला. तेव्हा व्यासपीठावरून ते म्हणाले, तिकडे लक्ष देऊ नका, ही हितसंबंधी मंडळी आहेत, मी त्यांना सदोदित लाथा घालतो म्हणून त्यांना मी आवडत नाही. हजारो बायकांसमोर, परिचारिकांबद्दल! त्यांच्या सल्लागारांपैकी कुणी कधी हॉस्पिटलात भरती झालं नव्हतं की काय कोण जाणे. त्यानंतर वर्षभर परिचारिकांनी त्यांची पाठ सोडली नाही. निधी गोळा करायच्या मेजवान्या, सिनेमाचे कार्यक्रम, दौरे. जिथं ते जातील तिथं बाहेर या उभ्या. मार्च २००५ मध्ये कोर्टानं ढकलाढकलीचा आदेश रद्द केला. नोव्हेंबरात श्वार्झनेगर यांनी लावलेल्या विशेष निवडणुकीत त्यांचे चारही प्रस्ताव पडले, त्यात शिक्षक आणि अग्निशामक दलाचे लोकही परिचारिकांबरोबर होते. त्याच महिन्यात त्यांनी मार्चच्या निकालाविरुद्धचं अपील सोडून दिलं.

पण याच माणसानं २००५ मध्ये नर्सिंग शिक्षणासाठी पाच वर्षांत ९ कोटी डॉलरचा कार्यक्रमही जाहीर केला. जागा वाढवा, शिकवणारे तयार करा. हे मी मुद्दाम सांगते, कारण संघटनेची माणसं हा भाग सांगत नाहीत आणि सरकारी माणसं फक्त हाच भाग सांगतात. २०००-०१ मध्ये राज्यातून साधारण ५,२०० मुलं-मुली नर्सिंग शिकून बाहेर पडत होती, २००९-१० मध्ये साडेअकरा हजारांच्या आसपास. दुप्पट. तेव्हा तुटवडा कमी झाला तो प्रमाणाच्या कायद्यामुळे की कॉलेजांमुळे, हा वाद घालता येतो. दोन्ही आकड्यांच्या मध्ये २००८ ची मंदीही आहे. नवऱ्याची नोकरी गेली म्हणून कपाटातला गणवेश काढून परत आलेल्या, निवृत्ती लांबवलेल्या बायका कमी नव्हत्या. त्या मंदीत तर नव्या पदवीधरांना नोकऱ्याच मिळेनात. ज्या राज्यात सहा वर्षांपूर्वी 'माणसं आणायची कुठून' म्हणून कोर्टात रडारड चालली होती, तिथंच!

हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. तुटवडा म्हणजे पाऊस कमी पडण्यासारखी गोष्ट नव्हे. किती जागा काढल्या, त्या जागेवर किती ओझं ठेवलं, पगार किती दिला, यातून तो आकडा तयार होतो आणि यातूनच नाहीसाही होतो.

पेशंटचं काय झालं? कायदा आधी आला, पुरावा मागून. २००२ मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा, २ लाख ३२ हजारांहून अधिक शस्त्रक्रियेच्या पेशंटचा अभ्यास छापला. परिचारिकेकडे सरासरी एक पेशंट वाढला, की तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. २०१० मध्ये याच गटानं कॅलिफोर्नियाची तुलना पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीशी केली; २२ हजारांवर परिचारिकांची उत्तरं त्यात होती. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात कॅलिफोर्नियातली परिचारिका त्या दोन राज्यांतल्या बाईपेक्षा साधारण दोन पेशंट कमी सांभाळत होती. त्या राज्यांनी कॅलिफोर्नियाइतकी माणसं ठेवली असती, तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू न्यू जर्सीत १३.९ टक्के आणि पेनसिल्व्हेनियात १०.६ टक्के कमी झाले असते, असा त्यांचा अंदाज.

त्याच्या उलट, कायदा लागू झाल्यावर सुरुवातीच्या काळात पेशंट पडण्याचं किंवा पाठीला जखमा होण्याचं प्रमाण मोजणाऱ्यांना फारसा फरक दिसला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. काही हॉस्पिटलांनी परिचारिका वाढवल्या आणि त्याच पैशाची भरपाई म्हणून मदतनीस कमी केले. पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं हे दोन माणसांचं काम आहे. दुसरं माणूसच काढून टाकलं तर पाठ कशी शाबूत राहील? आपल्याकडेही हाच धोका आहे, मावशी आणि वॉर्डबॉयच्या जागा पहिल्यांदा गोठवल्या जातात आणि मग स्पंजिंगपासून ट्रॉली ढकलण्यापर्यंत सगळं सिस्टरकडे येतं.

स्वतः परिचारिकांचं मात्र भलं झालं, याबद्दल फारसा वाद नाही. पगार इतर राज्यांपेक्षा वेगानं वाढले. २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात कायद्यानंतर नोंदणीकृत परिचारिकांच्या कामावरच्या दुखापती आणि आजार ३१.६ टक्क्यांनी कमी झाल्याचा हिशेब आहे. कंबर, खांदा, सुई टोचणं. ज्यांनी वॉर्डात वीस वर्षं काढली आहेत त्यांना या आकड्याची किंमत सांगायला नको.

आता काळी बाजू. एक तर कायद्याला बरीच वर्षं दात नव्हते. प्रमाण मोडलं तर खातं हॉस्पिटलकडून सुधारणेचा आराखडा मागवायचं, एवढंच. ठरावीक दंड आला तो २०१९ च्या कायद्यानं: पहिल्या वेळी १५ हजार डॉलर, नंतर दर वेळी ३० हजार. वीस वर्षं लागली! दुसरं, २०२० च्या डिसेंबरात कोविडची लाट उसळली तेव्हा राज्यानं तात्पुरती सूट दिली. आयसीयूत दोनाऐवजी तीन, इमर्जन्सीत चाराऐवजी सहा, मेडिकल-सर्जिकलला पाचाऐवजी सात. दोन महिन्यांत ती मागे घेतली गेली, पण ज्यांना मागे वळायचं असतं त्यांना वाट सापडून गेली. तिसरं, ब्रेक सोडवायला आणि रजा भरायला हॉस्पिटलांनी एजन्सीच्या फिरत्या परिचारिका घेतल्या, आणि त्यांचे दर ऐकले तर आपल्याकडच्या सर्जनलाही चक्कर येईल.

आणि चौथं, जे कॅलिफोर्नियात कुणी फारसं बोलत नाही. त्या जागा भरल्या कुणी? राज्यातल्या साधारण पाच नोंदणीकृत परिचारिकांमधली एक फिलिपिनो मुळाची आहे. मनिलात शिकलेली मुलगी लॉस एंजेलिसच्या वॉर्डात पाच पेशंट सांभाळते तेव्हा मनिलातल्या तिच्या मैत्रिणीकडे किती असतात, हा आकडा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल नर्सेस युनायटेड या तिथल्या परिचारिकांच्या संघटनेनं कोविडनं गेलेल्या परिचारिका मोजल्या. अमेरिकेतल्या परिचारिकांमध्ये फिलिपिनो चार टक्के, मृतांमध्ये ३१.५ टक्के. आयसीयू आणि मेडिकल वॉर्डांत त्याच उभ्या होत्या.

भारतातून थेट जाणं तुलनेनं अवघड आहे, कारण आपल्या लोकांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब. माझी विद्यार्थिनी नवऱ्याच्या व्हिसावरून गेली म्हणून गेली. बाकीच्या आखातात, ब्रिटनमध्ये, आता जर्मनीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये ५५ देशांची यादी केली, की इथून परिचारिका-डॉक्टर सक्रियपणे उचलू नका, तिथं आधीच कमी आहेत. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान त्यात आहेत. भारत नाही. म्हणजे आपल्या मुली घेऊन जायला कुणाला संकोच वाटायचं कारण नाही. आपल्याकडे पुरेशा आहेत, असं गृहीतच धरलं आहे. पुरेशा आहेतही, घरी बसलेल्या धरल्या तर.

आपला कागद कॅलिफोर्नियापेक्षा वाईट नाही, उलट चांगला आहे! भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शिकवण्याच्या रुग्णालयात तीन पेशंटना एक, साध्या रुग्णालयात पाचांना एक, आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव. ही 'रजा राखीव' म्हणजे आपल्याकडची ब्रेक सिस्टर. कुणीतरी शहाण्या माणसानं विचार करून लिहिलं होतं, की माणसं रजेवर जाणार, बाळंत होणार, आजारी पडणार. पण ते निकष आहेत, एबी ३९४ सारखा कायदा नव्हे. मोडला तर जाब कुणाला विचारायचा? खासगीतल्या पगाराचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ मध्ये समितीनं शिफारस केली, की दोनशेहून जास्त खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी परिचारिकेइतका पगार द्या आणि अगदी पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली जाऊ नका. केरळात परिचारिका रस्त्यावर आल्या तेव्हा २०१८ मध्ये किमान वेतन वीस हजारांवर गेलं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात नर्सिंग होममध्ये काय देतात, ते तिथल्या कुठल्याही मुलीला विचारा, ती आधी इकडेतिकडे बघेल आणि मग सांगेल.

२०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा मुख्य मुद्दा कंत्राटी भरतीचा होता. बाह्यस्रोतातून, म्हणजे एजन्सीमार्फत, परिचारिका घ्यायला त्यांचा विरोध होता. टीव्हीवर चर्चा झाली ती पेशंटचे हाल किती झाले याची. हाल झालेच. पण संप नसतानाच्या रात्री साठांना दोन असतात तेव्हाच्या हालांवर कॅमेरा येत नाही. कॅलिफोर्नियातल्या बायकांचं एक मला फार पटतं, त्यांनी पगाराची मागणी दुसऱ्या नंबरला ठेवली आणि 'तुमच्या आईच्या वाट्याला परिचारिकेचा कितवा हिस्सा येतो' हा प्रश्न पहिल्या नंबरला. मतदाराला तो लगेच कळला. पगार त्यातून आपोआप वाढला.

अर्थात तो प्रश्नही सगळीकडे चालत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ मध्ये अशाच प्रमाणांवर थेट जनमत घेतलं, तेव्हा सत्तर टक्के लोकांनी नको म्हटलं. हॉस्पिटलं बंद पडतील, असा प्रचार झाला होता.

मागच्या दिवाळीत विद्यार्थिनी पंधरा दिवस घरी आली होती. फराळाचा डबा घेऊन भेटायला आली. आता तीही कधीकधी ब्रेक द्यायच्या ड्युटीवर असते म्हणे, आणि नवीन मुली जागच्या हलत नाहीत तेव्हा तिला हसू येतं. बोलता बोलता विचारलं, "मॅडम, आपल्या फिमेल मेडिकलला आता नाइटला किती जणी असतात?" मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, ठाऊक नव्हतं. तिच्यासमोरच वॉर्डात फोन लावला. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला. आवाज तरुण होता.

"दोन आहेत मॅडम. दुसरी कॅज्युअल्टीला गेलीय. काही अर्जंट आहे का?"

मी म्हटलं, नाही गं, जेवलीस का तेवढं विचारायचं होतं. तिकडून आधी काहीच आलं नाही, मग पाठीमागून कुणीतरी "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारली आणि फोन कट झाला.